काचेमागची टोपी आणि माजी सैनिकांचे हसू

लष्करी संग्रहालयात सर्वांत आधी गर्दी होते ती टोप्यांच्या कपाटापाशी. बंदुका अनोळखी नजरेला सारख्याच दिसतात, तोफा बाहेर अंगणात उभ्या असतात, पदकांवरची अक्षरे वाचायला वाकावे लागते. टोप्या मात्र दारातूनच लक्ष वेधून घेतात. चिलखती दलाची काळी बेरेट (बिनकाठाची गोल, मऊ टोपी), छत्रीधारी सैनिकांची मरून, पायदळाची गडद हिरवी, शांतिसेनेची आकाशी, गोरखा पलटणींची एका बाजूला कललेली फेल्टची हॅट, शीख जवानाची चापून बांधलेली पगडी आणि त्यांवर घासून लखलखीत केलेले बॅज, ही सगळी मांडणी डोळ्यांना सुखावते आणि सहलीला आलेली मुले तिथेच उभी राहून फोटो काढतात. त्याच कपाटापुढे माजी सैनिक हसतात. ते मोठ्याने हसत नाहीत. शेजारच्या सोबत्याला कोपराने डिवचून एखादे वाक्य बोलतात आणि पुढे सरकतात. ती वाक्ये कोणी लिहून घेत नाही. माझे म्हणणे असे आहे की त्या कपाटाविषयीची सर्वांत जाणकार माहिती त्या वाक्यांतच असते, आणि ती टिपून घेण्याची कसलीही व्यवस्था नसणे ही आपल्या लष्करी संग्रहालयांची फार मोठी उणीव आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार अशाच एका कपाटातल्या हिरव्या बेरेटकडे पाहून म्हणाले होते, "ही कॅप अजून स्टोअरातच हाय." बरोबरचे सगळे हसले आणि मला मात्र त्यातले काही कळले नाही. मी विचारल्यावर त्यांनी जे समजावून सांगितले, ते कपाटातल्या पाटीवर असायला हवे होते. क्वार्टर मास्टरच्या स्टोअरमधून हातात पडलेली नवी बेरेट तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीसारखी असते: गोल, जाड आणि सगळीकडून सारखीच वर आलेली. रंगरूट ती पाण्यात भिजवतो, पिळतो आणि ओलीच डोक्यावर चढवतो. कडेची पट्टी भुवयांच्या थोडी वर, सरळ रेषेत बसली पाहिजे; बॅज डाव्या डोळ्याच्या बरोबर वर आला पाहिजे; उरलेले सगळे कापड उजव्या कानाकडे ओढून तळहाताने दाबून दाबून बसवायचे आणि ती तशीच डोक्यावर वाळू द्यायची. वर आलेली लव दाढीच्या पात्याने हलक्या हाताने काढून टाकायची. मागच्या फितीची गाठ आत खोचून टाकायची, ती दिसली तर कवायत शिकवणारा उस्ताद मैदानाला फेऱ्या मारायला लावणार. हे सगळे एकदाच करून भागत नाही. काही आठवडे रोज तीच टोपी घातल्यावर कुठे तिला त्या डोक्याचा आकार येतो, आणि मग बॅरकमध्ये खुंटीला दहा टोप्या असल्या तरी प्रत्येक जण आपली अंधारातही हाताने ओळखतो.

कपाटातल्या बेरेटचे यातले काहीच झालेले नव्हते. ती लाकडी गोळ्यावर चारी बाजूंनी सारखी ताणून बसवलेली होती आणि बॅज अगदी मधोमध, नाकाच्या रेषेत आलेला होता. पाटीवर कापडाचा प्रकार, रंग आणि दलाचे नाव इंग्रजीत होते. त्या पाटीत एकही चूक नव्हती. टोपीही खरी होती, पण ती अजून कोणाचीच झालेली नव्हती, आणि हवालदारांच्या हसण्याचा अर्थ नेमका तोच होता. संग्रहालयाने सैनिकाची टोपी म्हणून जी वस्तू मांडली होती, ती सैनिकाच्या डोक्यावर चढण्यापूर्वीची वस्तू होती.

गोरखा हॅटचेही हेच होते. तिचा पट्टा हनुवटीखालून जात नाही, तो खालच्या ओठाखाली टेकतो, आणि हॅटची तिरकी बैठक त्या पट्ट्यावरच तोललेली असते. डोके नसलेल्या स्टँडवर तो पट्टा नुसता लोंबत राहतो. ज्याने ती हॅट घालून तासन्‌तास परेड केली आहे त्याला त्या पट्ट्याचा ओठाखाली होणारा काच अजून आठवतो. पाहणाऱ्या मुलाला मात्र पट्टा कशासाठी आहे हेच कळत नाही.

टोपीच्या मांडणीवर एवढे बारीक बोलण्याचे कारण असे की फौजेत टोपी हा कपड्यांचा भाग असण्यापेक्षा कितीतरी अधिक काही असते. उघड्या डोक्याने सॅल्यूट करायचा नाही ही आपल्या सेनेची रीत आहे. टोपी नसेल तर जवान सावधान होऊन तोंडी अभिवादन करतो. म्हणजे समोरच्याला मान देण्याचा आणि त्याच्याकडून तो घेण्याचा पूर्ण अधिकार टोपीबरोबर येतो. शिस्तभंगाच्या आरोपावरून कमांडिंग ऑफिसरपुढे पेशी होते तेव्हा जवानाची टोपी आणि कमरपट्टा आधी उतरवले जातात आणि मगच त्याला आत नेले जाते. हे ठाऊक असलेले एक निवृत्त सुभेदार टोप्यांची ओळ बघून म्हणाले होते, "सगळ्या टोप्या इथं बाहेर, म्हणजे माणसं आत पेशीला गेली असणार." या एका वाक्यात सैनिकी जीवनातील मान, शिक्षा आणि भीती यांचे जे ज्ञान आहे, ते सबंध दालनात कुठे लिहिलेले नव्हते. त्या विनोदाखाली दोन ओळींचे स्पष्टीकरण लावले असते, तर शाळकरी मुलालाही टोपीचे मोल एका क्षणात समजले असते.

माजी सैनिकांच्या बोलण्यात आणखी एक तक्रार वारंवार येते आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कपाटात असते ती परेडची टोपी. कामाची टोपी तिथे क्वचितच दिसते. एप्रिल १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूत सुरू झाल्यापासून आजवर सियाचीनच्या बर्फात जे राहिले, त्यांच्यापैकी कोणीही तिथे चौकीवर कडक बेरेट मिरवत बसलेला नाही. कान आणि गाल झाकणारी लोकरीची टोपी, तिच्यावर आणखी एक टोपी, वर जाड जॅकेटची टोपडी आणि डोळ्यांवर बर्फाचा चष्मा हा तिथला शिरस्त्राणांचा थर. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या पलटणींच्या आठवणीत घामाने कडक झालेली कापडी जंगल हॅट आहे. त्याच मोहिमेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ती कापडी हॅट किरकोळ, स्वस्त आणि लवकर विटणारी, म्हणूनच ती कोणी जपून ठेवली नाही आणि म्हणूनच ती कपाटात पोहोचली नाही. जे स्वस्त आणि रोजच्या वापराचे, तेच सर्वांत आधी नाहीसे होते. आपली संग्रहालये मात्र जे आपोआप टिकते तेवढेच गोळा करतात.

काश्मीरमधला 'पटका' हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. कपाळ आणि डोक्याचा मागचा भाग झाकणारे, वरून उघडे असलेले हे जड गोळीरोधक शिरस्त्राण नव्वदच्या दशकापासून पुढे वीसहून अधिक वर्षे दहशतवादविरोधी कारवायांत जवानांनी डोक्यावर वाहिले. त्याचे वजन अडीच किलोंहून जास्त. तास-दोन तासांची गस्त संपल्यावर मान आखडते, कपाळावर पट्टीचा वळ उठतो आणि उन्हाळ्यात घाम डोळ्यांत उतरत राहतो, हे ज्याने सोसले तोच सांगू शकतो. सुमारे १ लाख ५८ हजार नव्या, हलक्या हेल्मेटांचे कंत्राट कानपूरच्या कंपनीला २०१६-१७ च्या सुमारास दिले गेले. संग्रहालयात पटका ठेवायचा तर तो काचेमागे ठेवून भागणार नाही. त्याच वजनाचा दुसरा एक नग बाहेर साखळीने बांधून ठेवावा आणि येणाऱ्याला तो डोक्यावर चढवून पाच मिनिटे उभे राहू द्यावे. माजी सैनिकांपैकी अनेकांनी हीच सूचना हसत हसत केली आहे. "फोटो काढायचाय? मग हे घालून काढा." सूचना चेष्टेत केलेली असली तरी ती पूर्णपणे अमलात आणण्याजोगी आहे.

टोपीचा आकार कामातून ठरतो हे ज्या मांडणीतून दिसत नाही, ती मांडणी केवळ रंगांची जत्रा होते. काळ्या बेरेटची गोष्ट साधी आहे. पहिल्या महायुद्धात रणगाडे आले तेव्हा त्यांच्या आत वाकून शिरताना काठाची टोपी अडखळू लागली आणि तेल-वंगणाचे डाग फिकट कापडावर उठून दिसू लागले. फ्रान्सच्या डोंगराळ पलटणींची बिनकाठाची टोपी पाहून ब्रिटिश रणगाडा दलाने काळी बेरेट निवडली आणि १९२४ मध्ये ती अधिकृत झाली. जगभरच्या चिलखती दलांत ती तिथून पसरली, आपल्याकडेही आली. पुढे १९४२ मध्ये वाळवंटी मोहिमेत ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी रणगाड्यातून फिरू लागले तेव्हा त्यांची रुंद काठाची ऑस्ट्रेलियन हॅट तिथे अडचणीची ठरली आणि रणगाड्यातल्याच एका जवानाने त्यांना आपली बेरेट दिली. तिच्यावर त्यांनी दलाचा बॅज आणि सेनापतीचा बॅज असे दोन्ही लावले. नियमात न बसणारी ती टोपी त्या युद्धातली सर्वांत ओळखीची टोपी झाली. तिचे कापड इतर हजारो बेरेटांसारखेच होते. वेगळे होते ते एवढेच की ती कोणी, कोणाला, कुठे आणि कशासाठी दिली हे सगळ्यांना ठाऊक होते.

आपल्याकडे वस्तूची अशी गोष्ट जपण्याची उदाहरणे नाहीत असे मुळीच नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यात लढत राहिले तो 'फामागुस्टा' अहिल्यानगरला जतन करून ठेवला आहे, आणि त्याच्यापुढे उभा राहणारा माणूस लोखंडाचे वजन विचारत नाही, त्या मुलाचे वय विचारतो. ते २१ वर्षांचे होते. रणगाड्याच्या बाबतीत आपल्याला जे जमले ते टोपीच्या बाबतीत का जमू नये? उलट टोपी तर रणगाड्यापेक्षा माणसाच्या कितीतरी अधिक जवळची.

शांतिसेनेच्या आकाशी टोपीपुढे माजी सैनिक जे बोलतात त्यातही असेच काही शिकण्यासारखे आहे. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगात संयुक्त राष्ट्रांची पहिली सशस्त्र शांतिसेना घाईने उभी राहिली, तेव्हा आकाशी बेरेट शिवून मिळायला कित्येक आठवडे लागणार होते. म्हणून अमेरिकी हेल्मेटांच्या आतल्या हलक्या कवचांना निळा रंग फवारून ती सैनिकांना दिली गेली. भारतीय पलटणी त्या दलात गाझामध्ये १९६७ पर्यंत होत्या. पुढे काँगोत ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया याच निळ्या खुणेखाली लढताना कामी आले. त्या रंगाचा सैनिकी अर्थ जरा विचित्र आहे: शत्रूला आपण दिसू नये म्हणून सैनिक एरवी रंग लपवतो, इथे आपण लांबून दिसावे म्हणून तो मिरवायचा असतो. शांतिसेनेत राहून आलेला एखादा नायक "ही टोपी घातली की लपायची सोय नाही" असे म्हणतो तेव्हा तो शांतिसेनेच्या कामाचे सगळे अवघडपण सांगत असतो. कपाटातली पाटी बहुतेक वेळा देशांची यादी देऊन थांबते.

काही ठिकाणी मात्र माजी सैनिक हसत नाहीत, आणि तिथे संग्रहालयाने अधिक काळजीने पावले टाकायला हवीत. शीख सैनिकांनी दोन्ही महायुद्धांत पोलादी हेल्मेट घालायला नकार दिला आणि पगडी बांधूनच ते लढले, हा इतिहास आहे. जानेवारी २०२३ मध्ये शीख जवानांसाठी खास बनावटीची १२,७३० हेल्मेटे घेण्याची प्रक्रिया संरक्षण मंत्रालयाने सुरू केल्यावर अकाल तख्त आणि शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने तिला विरोध केला. जवानाचा जीव वाचला पाहिजे असे म्हणणारे आणि पगडीवर दुसरे काही चढता कामा नये असे म्हणणारे, अशा दोन्ही बाजूंना निवृत्त शीख अधिकारी आणि जवान होते. संग्रहालयाच्या कपाटात पगडी असते, तिचा रंग आणि लांबी असते, पण हा प्रश्न नसतो. तो चालू काळातला आणि वादाचा आहे म्हणून टाळायचा, हे मला पटत नाही. डोक्यावर काय घालायचे हा प्रश्न एखाद्या माणसासाठी श्रद्धा आणि जीव यांच्यामधला असू शकतो, हे पाहणाऱ्याला समजावे म्हणून तर त्या पगडीशेजारी दोन्ही बाजूंच्या माणसांचे शब्द हवेत.

महाराष्ट्राशी थेट जोडलेले असेच एक कपाट म्हणजे महार रेजिमेंटच्या बॅजचे. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी पलटणींत नोकरी केली होती, त्यांच्यासाठी फौजेची दारे बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी या अन्यायाविरुद्ध लेखणी चालवली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज करून लष्कर आणि पोलिसांत प्रवेश मागितला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. सुरुवातीच्या बॅजवर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो गेला आणि पुढे त्या जागी खंजीर आला. आता मला सांगा, ज्या समाजाला ती टोपी डोक्यावर घालण्यासाठी दोन पिढ्या अर्ज करावे लागले, त्या टोपीखाली 'बॅज, धातू' एवढेच लिहून कसे चालेल? रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला सांगितले होते की त्यांच्या आजोबांनी आयुष्यभर टोपी भिंतीवर टांगून ठेवली आणि घरी आलेल्या प्रत्येकाला ती आधी दाखवली. यात मिस्कीलपणा नव्हता. पण संग्रहालयांनी ऐकायला हवे असे बोलणे हेच.

टोपीविषयी सैनिकांना एवढे का वाटते याची कल्पना यायला अमेरिकेतले एक प्रकरण पुरेसे आहे. काळी बेरेट तिथे रेंजर या निवडक दलाची ओळख होती. ऑक्टोबर २००० मध्ये सेनाप्रमुखांनी ती सबंध सैन्याला देण्याचे जाहीर केले आणि १४ जून २००१ पासून ते अमलात आले. जुने रेंजर संतापले. निषेध म्हणून काही जण जॉर्जियातील फोर्ट बेनिंगपासून राजधानीपर्यंत पायी चालत गेले. रेंजरांनी मग फिकट तपकिरी बेरेट स्वीकारली. त्यातच काही बेरेट चीनमध्ये बनवलेल्या निघाल्या आणि त्या मागे घ्याव्या लागल्या. शेवटी २०११ मध्ये रोजच्या गणवेशासाठी पुन्हा काठाची साधी टोपी आली, कारण बेरेट डोळ्यांवर सावली धरत नाही आणि घालायला दोन्ही हात लागतात, ही जवानांची पहिल्या दिवसापासूनची तक्रार होती. ज्यांनी टोपी घातली त्यांना आधी विचारले असते तर ही दहा वर्षे वाचली असती.

आपल्याकडेही असा बदल नुकताच झाला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून भूदलातील ब्रिगेडियर आणि त्यावरील सर्व अधिकाऱ्यांची टोपी, खांद्यावरची पदचिन्हे, कॉलरवरच्या पट्ट्या, कमरपट्टा आणि बूट एकसारखे झाले. त्याआधी छत्रीधारी सैनिकांतून आलेला जनरल मरून बेरेट घालत असे, चिलखती दलातून आलेला काळी. या निर्णयामागचा विचार मला योग्य वाटतो: ब्रिगेडियर झालेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली सगळ्या पलटणींचे जवान असतात, तेव्हा त्याने एका पलटणीचा रंग डोक्यावर वागवू नये. पण बदल योग्य असला तरी त्यात काही गमावलेही आहे. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी त्यावर "बढती मिळाली आणि घर सुटलं" एवढेच म्हटले. या वाक्यात निर्णयाला विरोध नाही आणि संमतीही नाही, केवळ तो सोसणाऱ्याचे मन आहे. ३१ जुलै २०२३ रोजी संध्याकाळी किती अधिकाऱ्यांनी आपली बेरेट शेवटची उतरवून ठेवली असेल! त्यांपैकी एकेक टोपी, घालणाऱ्याच्या नावानिशी आणि त्याच्या शब्दांसह, प्रत्येक रेजिमेंटच्या संग्रहालयाने तेव्हाच मागून घ्यायला हवी होती. अजूनही फार उशीर झालेला नाही. ती माणसे हयात आहेत आणि टोप्या त्यांच्या घरीच आहेत.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला आक्षेप मानमर्यादेचा. पलटणीची टोपी ही पवित्र वस्तू, तिच्याशेजारी चेष्टेची वाक्ये लावली तर तिचा अवमान होईल, असे काही सेवेतील अधिकाऱ्यांना मनापासून वाटते. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु जो माणूस त्या टोपीवर हसतो तोच दुसऱ्या कोणी तिला पाय लागू दिला तर अंगावर धावून जातो. हा हक्क त्याने ती घालून कमावलेला आहे. त्याचे हसू काढून टाकले तर उरते ती पूजेची वस्तू, आणि पूजेच्या वस्तूपुढे मुले हात जोडतात, प्रश्न विचारत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसाची आठवण फसवी असते, प्रत्येक जण आपल्या पलटणीचे मोठे करून सांगतो, तीस वर्षांपूर्वीचा बॅज कोणत्या बाजूला होता यावर दोन सुभेदार तासभर भांडतात. हे खरे आहे. म्हणून तर नोंद वस्तूशी, आदेशांशी आणि जुन्या फोटोंशी ताडून पाहायची. दोन सुभेदारांचे एकमत होत नसेल तर दोघांचेही म्हणणे लिहून ठेवायचे. त्या भांडणातूनच कळते की नियम कागदावर एक होता आणि वापरात दुसरा. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने १९७२ पासून सैनिकांचे आवाज ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धातला एकही सैनिक आता हयात नाही, त्यांचे बोलणे मात्र आहे, आणि त्यातल्या स्मृतिदोषांसह इतिहासकार ते वापरतात.

एक सावधगिरी मात्र मलाही बाळगावीशी वाटते. माजी सैनिकांचे ऐकायचे म्हटले की मेजर आणि कर्नल आधी बोलतात, शिपाई मागे उभा राहतो. बेरेट घरी नेल्यावर तिला कसर लागू नये म्हणून वर्षानुवर्षे कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत जपणारी बाई तर बोलावलीच जात नाही. १९९२ पासून वैद्यकीय सेवेबाहेरच्या शाखांतही महिला अधिकारी आल्या. आंबाड्यावर बेरेट कशी बसवायची याचे उत्तर त्यांनी स्वतःच शोधले आणि ते कोणत्याही पाटीवर मला आढळलेले नाही. सोय करायची तर ती यांच्यासह करायला हवी.

बाकी अडचणी व्यवहारातल्या आहेत. पलटणीच्या संग्रहालयाची जबाबदारी बहुधा सेवेतल्या एखाद्या अधिकाऱ्याकडे जादा काम म्हणून येते. तो मन लावून काम करतो, मांडणी नीट होत आली की त्याची बदली होते आणि त्याने जमवलेली माहिती त्याच्याबरोबर जाते. कपाटे करणारा कंत्राटदार टोपीला दागिन्यासारखा प्रकाश देतो, कारण त्याला दुसरे काही सांगितलेले नसते. शिवाय दान आलेली टोपी आधी ड्रायक्लीनला पाठवण्याची चुकीची सवय अनेक ठिकाणी आहे. आतल्या कातडी पट्टीवरचा घामाचा काळा डाग, कोणाच्या तरी हातचे नंबराचे अक्षर, अस्तरात खोचलेली अंगाऱ्याची पुडी किंवा घरच्या पत्राची घडी, हे सगळे त्यात नाहीसे होते. लोकरीला कसर लागू नये म्हणून काळजी घ्यावीच, पण घाम धुऊन काढू नये. ज्या खुणांमुळे टोपी एका माणसाची होते त्या खुणा म्हणजेच ऐवज आहे.

आणि पाट्या मराठीत हव्यात. महाराष्ट्रातल्या लष्करी संग्रहालयांना भेट देणाऱ्यांत साताऱ्या-सांगलीकडच्या, कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या सैनिकी घरांतली माणसे मोठ्या संख्येने असतात. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याची ओळखच 'अपशिंगे मिलिटरी' अशी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तिथल्या आजीला आपल्या सासऱ्याच्या पलटणीची टोपी काचेत दिसावी आणि तिच्याखालची इंग्रजी ओळ नातवाने अडखळत वाचून दाखवावी, हे आपल्याला शोभत नाही.

१९७१ च्या लढाईत वीस वर्षांचा असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे आणि १९६५ पाहिलेला ऐंशी ओलांडून गेला आहे. दर १४ जानेवारीला, फील्ड मार्शल करिअप्पा निवृत्त झाले त्या तारखेला, माजी सैनिक दिन साजरा होतो आणि ठिकठिकाणच्या छावण्यांत ही मंडळी आपापल्या बेरेट घालून, पदके लावून एकत्र येतात. त्यांच्यासाठी भाषणे होतात, चहापान होते, सत्कार होतो आणि दुपारी सगळे घरी जातात. त्याच दिवशी टोप्यांच्या कपाटाशेजारी एक टेबल, एक ध्वनिमुद्रक आणि मराठी, हिंदी, पंजाबी, गढवाली समजणारे चार विद्यार्थी बसवले आणि येणाऱ्या प्रत्येकाला "यात काय चुकलंय?" एवढेच विचारले, तर संध्याकाळपर्यंत कोणत्याही कंत्राटदाराला मिळणार नाही इतकी माहिती हाती येईल. त्यासाठी मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. स्टेशन कमांडरच्या सहीचे एक पत्र पुरते, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने ते उघडून आतली बेरेट एखाद्या जुन्या हवालदाराच्या हातात द्यायची तयारी ठेवली पाहिजे, म्हणजे तो बॅज डाव्या डोळ्यावर आणून दाखवील.